अडतीसचा भाव

बाजारात घड्याळकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सकाळी सातला लिलावाची घंटा व्हायची आणि त्याच्या पाच मिनिटं आधी काका फाटकातून आत आलेले असायचे. त्यांना बघून लोक मनगटावरची घड्याळं लावून घेतात, असं वजनकाट्यावरचा मापाडी सांगायचा. मापाड्याने दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातली एखादी खरी निघायची, पण ही निघाली होती.

काकांचं काम सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला हसू यायचं. ज्या मालाचा लिलाव होईल त्याचे त्या दिवसाचे तीन आकडे लिहायचे, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, आणि दहाच्या आत राजधानीला कळवायचे. झालं काम. सर्वसाधारण म्हणजे ज्या भावाने सगळ्यात जास्त माल गेला तो भाव. कोपऱ्यात दोन गोण्या साठने गेल्या म्हणून काही भाव साठ होत नाही, ते ओळखायला पारखी नजर लागते. काका गाळ्यागाळ्यातून हिंडत, गोणीत हात घालून लसणाचा गड्डा दाबून बघत, मापाड्याशी दोन शब्द बोलत आणि मग पेन्सिलीने आकडा टिपत. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त झाले तेव्हा बाजाराने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. दुसरं काय सुचणार होतं म्हणा!

आता, नाकासमोर चालणाऱ्या माणसाकडे कुणी निरखून बघत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ह्या एकतीस वर्षांतले चौदा महिने काका सकाळचे बाजारात गेलेच नव्हते. मापाड्याला ते ठाऊक होतं, दोन-चार गाळेवाल्यांनाही ठाऊक होतं. राजधानीत मात्र कुणाला पत्ता नव्हता. तिथे आकडे दहाच्या आत पोचत होते ना, मग काय!

त्या वर्षी काकूंची उजवी बाजू लुळी पडली. सकाळचं सगळंच त्यांना हाताने करून द्यावं लागायचं, कुशीवर वळवण्यापासून घास भरवण्यापर्यंत. एकुलती एक लेक दूरच्या विद्यापीठात शेतमालाच्या व्यापारावर अभ्यास करत होती. फोन केला की तिचं एकच, "बाबा, मी सगळं सोडून येऊ का?" काका म्हणायचे, "अजिबात येऊ नकोस. शेजारीण बसते आईजवळ. मी बाजारात जाऊन येतो, नेहमीसारखा." शेजारीण कुठली बसतेय! तिला तिचाच संसार पुरून उरला होता.

सुरुवातीला काका मापाड्याला फोन करून भाव विचारायचे. पण सात ते नऊ ही मापाड्याच्या हाताला उसंत नसलेली वेळ. कधी तो फोन उचलायचा, कधी नाही. एकदा दहाला दहा कमी असताना काकांनी कालचाच भाव एका आकड्याने इकडेतिकडे करून पाठवून दिला. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही कुणी विचारलं नाही. वाईट सवय लागायला माणसाला एवढं पुरतं.

नेमक्या त्याच काळात लसणाचा व्यापार मोकळा झाला होता. पूर्वी बाहेरच्या देशातून लसूण आणायचा तर परवाना लागे. आता कुणीही, कधीही, कितीही आणावा. इथल्या शेतकऱ्यांनी फार आरडाओरडा केला, तेव्हा सरकारने प्रयोग म्हणून ह्या एकाच बाजारात एक खरेदी केंद्र काढलं. नियम साधा होता. लसणाचा सर्वसाधारण भाव पंचविसाच्या खाली गेला, की केंद्राने कुलूप काढायचं आणि येईल तो लसूण पंचविसाने घ्यायचा. आणि भाव पंचविसाच्या खाली गेला की नाही, हे राजधानीला कळवणार कोण? घड्याळकाका.

काढणीचे दिवस होते. बंदरात परदेशी लसणाची जहाजं लागली आणि चार दिवसांत इथला भाव गडगडला. काकांची धाकटी बहीण स्वतः लसूण करायची. ती माल विकून दुपारी वहिनीला बघायला घरी आली. दारातच बसली आणि म्हणाली, "दादा, अकराने गेला रे. अकराने! केंद्रावर गेले तर कुलूप. म्हणे वरून आदेश नाही."

त्या सकाळी काकांनी राजधानीला कळवलं होतं, सर्वसाधारण भाव अडतीस.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मग ते विचार करू लागले, आणि घाबरलेल्या माणसाने विचार करू नये हेच बरं. आज अडतीस आणि उद्या एकदम अकरा लिहिले तर राजधानीतून फोन येणार. चार दिवस काय झोपला होतात का, असं विचारणार. नोकरी जाणार, नोकरीबरोबर काकूंचं औषधपाणी जाणार. म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी सदतीस लिहिले. तिसऱ्या दिवशी छत्तीस. ते असे एकेक पायरी उतरत होते, तोवर जहाजं थांबली आणि खराच भाव वर चढून त्यांना येऊन मिळाला. केंद्राचं कुलूप काही निघालं नाही. सबंध पंचक्रोशीने आपला लसूण अकराने, बाराने घालवला.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. काका पुन्हा सकाळी सातच्या आधी पाच मिनिटं फाटकातून आत येऊ लागले, आणि यथावकाश निवृत्त झाले. झाल्या गोष्टीचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण मनाला समजवायला त्यांच्याकडे काकूंचा आजार होता. आजाराच्या आडोशाला पुष्कळ काही मावतं.

हे सगळं असंच झाकलेलं राहिलं असतं. पण लेक शिकून मोठी झाली, आणि तिने व्यापार मोकळा झाल्यावर भाव स्थिरावतात की हेलकावे खातात ह्याच विषयावर निबंध लिहिला. खरेदी केंद्र ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायला सरकारने समिती नेमली, तिने लेकीला बोलावलं. सुनावणी गावातच होती, पुढच्या आठवड्यात. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलायला काकांच्या बहिणीला निवडलं होतं. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती.

तर रविवारी दुपारी तिघंही जेवायला बसली, आत्या, भाची आणि मध्ये काका.

"मग, काय लिहिलंयस ते सांग तरी," आत्या म्हणाली. "समोरासमोर उभं राहायचंय आपल्याला. आधीच भांडून घेऊ."

लेक हसली. "भांडण कसलं, आत्या? सोपं आहे. आधी इथे पाऊस कमी झाला की लसूण सोन्याच्या भावाने जायचा, जास्त पिकला की मातीमोल व्हायचा. कारण सगळं इथल्या इथेच. दारं उघडल्यावर कमी पडलं तर बाहेरून येतं, जास्त झालं तर बाहेर जातं. गावातली विहीर आटली तरी नळ आहे, असं समज."

"नळ आहे गं. पण तो सोडणारा दुसऱ्या गावाला राहतो. त्याच्या मनात येईल तेव्हा सोडणार, आपलं अंगण भरलेलं असलं तरी सोडणार."

"तसंच मलाही वाटलं होतं. पण तसं झालं नाही. चार वर्षांत इथला भाव एकदाही पंचविसाच्या खाली गेला नाही. केंद्राचं कुलूप एकदासुद्धा काढावं लागलं नाही."

आत्याचा हात थांबला. "असं कसं? मी अकराने विकलाय. वहिनी अंथरुणाला होती त्या वर्षी, काढणीच्या वेळेला."

लेकीने लॅपटॉप ओढला, महिना काढला आणि पडदा आत्याकडे फिरवला. मायेने, हळूच, मोठ्या माणसाचा मान राखून ती म्हणाली, "हे बघ. अडतीस, अडतीस, सदतीस, अडतीस. तुझा माल त्या दिवशी ओला असेल, नाहीतर बारीक असेल. आणि लोकांना वाईट दिवसच लक्षात राहतात गं, तेही वाढवून. आम्हाला शिकवतातच, माणसाच्या आठवणीवर जाऊ नका, रोजच्या नोंदीवर जा. ह्या तर बाबांच्या नोंदी आहेत. आई तशी असतानाही बाबांनी एक दिवस चुकवला नाही. निबंधाच्या सुरुवातीला मी तसं लिहिलंयसुद्धा."

आत्याने पडद्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. काकांनी भाजीचं पातेलं पुढे ओढलं. तो लसूण ओला नव्हता. त्या दिवशी बहिणीने जाताना एक जुडी स्वयंपाकघरात ठेवली होती. काकांनी सवयीने गड्डा दाबून बघितला होता. खणखणीत कोरडा, भरीव पाकळीचा माल होता. त्याच्याइतका चांगला माल त्या वर्षी बाजारात फारसा आलाच नसेल.

"असेल बाई," आत्या म्हणाली. "दादाने लिहिलंय म्हणजे तसंच असेल. ओलाच असेल माझा."

पुढचे चार दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. रोज संध्याकाळपर्यंत काहीतरी निमित्त निघायचं. लेकीचं डोकं दुखतंय, लेक फोनवर आहे, लेक आज खुशीत आहे, कशाला उगाच. त्यांनी बाजारात जाऊन मापाड्याजवळ थोडंफार मन मोकळं केलं. मापाडी गोणी काट्यावर चढवत म्हणाला, "काका, आता कोण उकरायला बसलंय? तुमची पोरगी नाव काढतेय, काढू द्या की! आणि केंद्र काय, ते असून तरी कुठे उघडत होतं?"

हे शेवटचं वाक्य काकांच्या काळजात गेलं ते तिथेच रुतून बसलं. केंद्र का उघडत नव्हतं हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

गुरुवारी बहिणीचा फोन आला. "दादा, मी नाही बोलत सोमवारी. तसं कळवलंय समितीला. भर सभेत पोरीला कशाला तोंडघशी पाडू? आणि खरं सांगू का, मला आता माझाच भरवसा वाटेना. शेजारणींना विचारलं, त्या म्हणतात अकरा-बाराच होता. पण त्यांना तरी मीच इतकी वर्षं सांगत आलेय ना. मला वाटतं मीच त्यांच्या डोक्यात भरवलं असेल."

काकांनी फोन ठेवला आणि ते तसेच लेकीच्या खोलीत गेले. ती टेबलाशी काम करत होती. "जरा तो महिना काढ," ते म्हणाले. "आत्याला दाखवलास तो."

तिने काढला. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा अडतीस खोटा आहे."

"म्हणजे?"

"मी त्या दिवशी बाजारात नव्हतो. हाही खोटा. हा सदतीसही. तो खरा वाटावा म्हणून एकाने कमी केलाय. चौदा महिने, पोरी. तुझी आई पडली तेव्हापासून ती जाईपर्यंत."

लेक ओरडली नाही. ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती एकेका आकड्यावरून बोट फिरवत गेली. मग म्हणाली, "मी सात बाजारांचे भाव घेतले होते, बाबा. सहा टाकून दिले. त्यांच्यात मधले मधले दिवस कोरे होते. मला वाटलं, कामचुकार माणसं आहेत. एक तुमचाच बाजार असा होता की एकही दिवस कोरा नाही. सगळा निबंध मी तुमच्यावर उभा केला." तिने लॅपटॉप मिटला. "जे दिवस गेले नाहीत ते कोरे ठेवले त्यांनी. ती माणसं खरी होती."

काका काहीतरी बोलायला गेले.

"माझ्या शिक्षणासाठी केलं असं म्हणू नका," लेक म्हणाली. "तेवढं एक म्हणू नका. मला विचारलं होतंत का? मी आले असते."

काका नेमकं तेच म्हणणार होते.

लेकीने तीन दिवस खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही म्हटलं तरी चालेल. टाकून दिलेले सहाही बाजार तिने परत घेतले आणि सगळं पहिल्यापासून मांडलं. रविवारी जेवताना तिने भिंतीकडे बघत सांगितलं, "महागाईच्या बाजूने दारं उघडल्याचा फायदा झालाय, तो खरा आहे. लसूण पूर्वीसारखा आकाशाला भिडत नाही. पण खालच्या बाजूने जहाज आलं की आठवड्यात भाव कोसळतो, आणि तेही ऐन काढणीत. आत्या बोलली तो नळ. मी पहिला निबंध मागे घेतेय. कारण लिहावं लागेल, तुमच्या नावासकट."

"लिही," काका म्हणाले.

"आणि आत्याला मी नाही सांगणार. ते तुमचं तुम्ही सांगा."

बहीण तिच्या शेडमध्ये लसणाच्या वाळक्या पाती कापत बसली होती. काका समोर पोत्यावर टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून ते सदतीस-छत्तीसपर्यंत. केंद्राचं कुलूप त्यांच्या आकड्यामुळे निघालं नाही, हेही सांगितलं. बहिणीची कात्री चालूच होती. शेवटी ती थांबली.

"वहिनी आजारी होती," ती म्हणाली. "तू घाबरलास. मी असते तर मीही घाबरले असते, कदाचित मीही लिहिलं असतं. त्याचं मी समजू शकते, दादा. पैसे गेले, ते गेले. पण गेल्या रविवारी काही वहिनीच्या आजाराचं कारण नव्हतं. तुझी नोकरीही नव्हती जायला. मी म्हटलं, माझाच माल ओला असेल. तू समोर बसला होतास. तू काही बोलला नाहीस. तू मला भाजी वाढलीस."

काकांना रडू कोसळलं. बहिणीने त्यांना गप्प केलं नाही की पाणीही विचारलं नाही.

"उद्या तू बोल," एवढंच ती म्हणाली. "मी काही येणार नाही."

सोमवारी सुनावणीच्या खोलीत पाच सभासद लांब टेबलामागे बसले होते. लेकीने आधी आपलं म्हणणं मांडलं. पहिला निबंध मागे घेतल्याचं आणि त्याचं कारणही तिने सरळ सांगितलं. तेव्हा खोलीत जी कुजबुज झाली ती काकांच्या कानात शिशासारखी उतरली. मग काका उभे राहिले. जे बहिणीला सांगितलं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. काकूंच्या आजाराबद्दल मात्र एक शब्दही काढला नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग त्या आठवड्यात खरा भाव किती होता?"

"मी लिहिला नाही, साहेब."

"लेखी दुसरं काही आहे? पावती, टिपण?"

"लेखी आहे ते खोटं आहे."

अध्यक्ष लेखनिकाकडे वळले. "त्या चौदा महिन्यांपुढे लिहा, माहिती उपलब्ध नाही."

"अकरा लिहा."

सगळ्यांनी मागे बघितलं. काकांची बहीण दाराशी उभी होती. चपला हातात होत्या, बहुधा येऊ की नको करत बराच वेळ बाहेर उभी असावी. "अकराने गेला साहेब. मी स्वतः विकलाय."

"बाई, आपलं नाव यादीतून काढलेलं आहे. आणि नुसतं तोंडी म्हणणं आम्हाला..."

"तोंडी कसं? विकला त्याच दुपारी मी सरकारच्या भाव लिहिणाऱ्या माणसाला सांगितलं होतं. तो तिथे उभा आहे. विचारा त्याला."

अध्यक्षांनी काकांकडे बघितलं. लेकीनेही बघितलं, चार दिवसांत पहिल्यांदाच.

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "अकराच म्हणाली होती. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सदतीस लिहिले. आणि साहेब, माल ओला नव्हता. मी हातात घेऊन बघितला होता. एकतीस वर्षं मी लसूण बघत आलोय. पहिल्या प्रतीचा माल होता तो."

लेखनिकाची लेखणी अडली. "मालाचंही लिहायचं का, साहेब?"

"लिहा," अध्यक्ष म्हणाले.

बहिणीने ते लिहून होईपर्यंत वाट बघितली. मग चपला खाली टाकल्या, पायात घातल्या आणि भावाकडे न बघता ती निघून गेली.